आठ इंची स्वस्त टॅब: चौदा महिन्यांचं प्रूफ

पहिल्याच आठवड्यात ह्या टॅबने मला तोंडघशी पाडलं. एका पुस्तकाचं शेवटचं प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, मी अंथरुणात पडून वाचत होते, आणि ११२व्या पानावरचा ‘शुद्ध’ बिनदिक्कत पुढे जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी तेच पान कागदावर हातात आलं तेव्हा दिसलं, की तो ‘शुध्द’ आहे. द आधी की ध आधी, हे मुद्रितशोधकाच्या नजरेतून निसटणं म्हणजे गवयाने बेसूर षड्जाला मान डोलावण्यासारखं. ३० वर्षं हेच करते आहे मी. अर्धी चूक माझी, अर्धी त्या पडद्याची. माझ्या अर्ध्या चुकीबद्दल लेखकाची माफी मागून झाली; पडद्याच्या अर्ध्याबद्दल आता लिहिते आहे.

टॅब आठ इंची, अँड्रॉइडवाला, नुसता वायफायवर चालणारा. ३ जीबी रॅम, ३२ जीबी जागा, १२८० बाय ८०० पिक्सेलचा पडदा, ५००० एमएएचची बॅटरी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण ह्या दर्जाचे सगळे टॅब एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात. पाठीवरचा ठसा बदलतो, आतला हिशेब फारसा बदलत नाही. जे माझ्या टॅबला लागू आहे त्यातलं बरंचसं त्याच्या भावंडांनाही लागू असावं.

घेतला तो हातासाठी. प्रूफांचे गठ्ठे मांडीवर घेऊन बसायचं वय सरलं. मान दुखते, मनगट दुखतं, आणि आता बहुतेक प्रकाशक कागद पाठवतही नाहीत, पीडीएफ पाठवतात. लॅपटॉपवर दिवसभर वाचल्यावर संध्याकाळी परत तिथेच बसायचं जिवावर येतं. फोनवर वाचून पाहिलं. एका ओळीत चार शब्द मावतात, आणि चार-चार शब्दांच्या घासांत वाक्याचा तोल कळत नाही. आधी दहा इंची टॅब हाताळला होता. तो साधारण अर्धा किलोचा. टेबलावर उभा करून छान दिसतो, पण एका हाताने धरून आडवं पडलं की दहाव्या मिनिटाला तो नाकावर येतो. हा आठ इंची साडेतीनशे ग्रॅमच्या आत आहे आणि त्याची रुंदी माझ्या पंज्यात मावते: अंगठा एका कडेला, बोटं दुसऱ्या. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्याचे बाकीचे बरेच गुन्हे पोटात घातले आहेत.

ह्या मापाचा एक इतिहास आहे आणि तो थोडा गमतीचा आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्स म्हणाले होते, की सात इंची टॅब इतका लहान आहे की त्याच्याबरोबर बोटं घासून बारीक करायला सँडपेपरही द्यावा लागेल. दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, त्यांच्याच कंपनीने ७.९ इंची आयपॅड मिनी काढला. त्याच वर्षी गूगलने असुसकडून बनवून घेतलेला सात इंची नेक्सस ७ आला, आणि लहान टॅब स्वस्त असूनही चांगला असू शकतो हे लोकांना पहिल्यांदा पटलं. त्याचा २०१३ चा दुसरा अवतार आठवून मला आजही राग येतो. का, ते पुढे सांगते.

आधी मापं. मोजपट्टी घेऊन बसायची मला खोड आहे, आणि टॅबच्या जाहिरातीत कर्ण सांगतात, जो वाचणाऱ्याच्या काहीही कामाचा नाही. वाचणाऱ्याला लागते रुंदी. साडेसहा इंची लांबट फोनच्या पडद्याची रुंदी साधारण ६८ मिलिमीटर भरते. माझ्या टॅबची १०८. म्हणजे फोनच्या दीडपटीहून थोडी जास्त, आणि एकूण क्षेत्रफळ जवळजवळ १.८ पट. आता कागद पाहा. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद. तो ह्या पडद्यावर बसवला की निम्म्यावर येतो, आणि १२ पॉइंटचा मजकूर ६ पॉइंटचा होतो. ६ पॉइंट म्हणजे औषधाच्या डबीतल्या घडीच्या कागदावरचं अक्षर.

माझं ११२वं पान नेमकं तिथेच फसलं. पुस्तक होतं डेमी आकाराचं, म्हणजे सुमारे १४० मिलिमीटर रुंद, पण प्रकाशकाने प्रूफ पाठवलं होतं ए-४वर, चारही कोपऱ्यांत कापायच्या खुणा आणि भोवती पांढरी जागा सोडून. टॅबने भाबडेपणाने ती सगळी पांढरी जागाही दाखवली, आणि अक्षर अर्धं केलं. मी चष्मा वर-खाली करत बसले. दोष चष्म्याचा नव्हता.

उपाय सापडायला मला तीन आठवडे लागले, आणि हा मजकूर लिहायचं अर्धं कारण तोच आहे. पीडीएफ वाचायच्या बऱ्याच ॲपमध्ये समास कापायची सोय असते. ती सुरू केली की पांढरी जागा बाजूला जाते आणि नुसता मजकुराचा चौकोन पडदाभर पसरतो. डेमी पुस्तकात दोन्ही बाजूंचे समास सोडले तर मजकुराची ओळ साधारण १०५ ते १०८ मिलिमीटरची असते. पडदा १०८ मिलिमीटरचा! म्हणजे पुस्तकातलं अक्षर पडद्यावर छापील मापातच दिसतं, एकास एक. उंचीतही मजकूर जवळपास मावतो. शेवटची ओळ-दोन ओळी तेवढ्या खाली राहतात. ज्या दिवशी हे जमलं त्या रात्री मी एका बैठकीत ६० पानं वाचली आणि मान एकदाही वळवली नाही. कादंबरी, कवितासंग्रह, चरित्र, जे काही डेमी किंवा त्याहून लहान क्राउन आकारात छापतात, त्यासाठी हा पडदा बेतून शिवल्यासारखा बसतो. इतका नेमका, की मला शंका येते, हे माप ठरवणाऱ्याच्या टेबलावर एखादं साधं पुस्तक पडलेलं असणार.

ए-४ मात्र ए-४च राहतो. प्रबंध, अहवाल, दोन रकान्यांचे शोधनिबंध, सरकारी परिपत्रकं, ही सगळी जमात ह्या टॅबला झेपत नाही. टॅब आडवा धरला की रुंदी १७२ मिलिमीटर मिळते, म्हणजे कागदाच्या ८२ टक्के. अक्षर वाचता येतं, पण पान एका नजरेत दिसत नाही; वरचं अर्धं, मग सरकवा, मग खालचं अर्धं. तक्ता दोन पडद्यांत तुटला की आकडा कुठल्या रकान्यातला ते बोटाने धरून ठेवावं लागतं. ज्यांचं काम मुख्यतः अशा कागदांचं आहे त्यांनी हा टॅब घेऊ नये. त्यांनी दहा इंची घ्यावा आणि पोटावर उशी ठेवावी.

आता तो राग. आठ इंचांत १२८० बाय ८०० म्हणजे दर इंचाला साधारण १८९ पिक्सेल. बऱ्याच फोनचे ४०० च्या आसपास असतात. २०१३ चा तो नेक्सस ७, सात इंची, २९० ग्रॅमचा, आणि त्याला दर इंचाला ३२३ पिक्सेल होते. त्याला दहा वर्षं उलटून गेली. तरी आज स्वस्त लहान टॅब उघडला की तोच १८०-१९० चा पडदा पुढ्यात येतो. बनवणाऱ्यांनी जणू ठरवूनच टाकलं आहे, की लहान टॅब मुलांना कार्टून दाखवायला घेतात, आणि कार्टूनला काना-मात्रा नसतात.

देवनागरीला हे जास्त झोंबतं. रोमन अक्षर उभ्या-आडव्या मोकळ्या रेघांचं. कमी ठिपक्यांतही ओळखू येतं. आपल्याकडे एका अक्षराचे तीन मजले. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार, ऋकार. ६ पॉइंटला उतरलेल्या १२ पॉइंटच्या अक्षराला ह्या पडद्यावर उंचीत सोळाएक पिक्सेल मिळतात, आणि त्यांत हे तिन्ही मजले कोंबायचे. ‘रु’ आणि ‘रू’ त्यात एकच होतात. ‘द्ध’ आणि ‘ध्द’ म्हणजे एक काळसर गाठ. रफारावरचा अनुस्वार धूळ समजून मी एकदा बोटाने पुसला आहे, खोटं नाही सांगत. समास कापून अक्षर पुऱ्या मापाचं केलं की तेच अक्षर ३१ पिक्सेलांत येतं, आणि मग सगळं व्यवस्थित वेगळं दिसतं. कडा थोड्या दातेरी राहतात, पण दातेरी कडांनी अर्थ बदलत नाही.

रंग बरे आहेत. पडदा आयपीएस जातीचा, त्यामुळे कुशीवर वळून तिरकं पाहिलं तरी पान काळवंडत नाही. आडवं पडून वाचणाऱ्याने हे आधी पाहावं. ह्याहून स्वस्तात काही टॅबवर जुन्या जातीचा पडदा अजून असतो आणि तो तिरका धरला की चित्राचं निगेटिव्ह दिसतं. काच मात्र आरशासारखी. खिडकीपाशी बसले की मजकुरावर माझाच चेहरा उमटतो, आणि स्वतःच्या चेहऱ्यातून प्रूफं तपासणं ह्या वयात फारसं सुखाचं नाही. उन्हात तर विसराच.

उजेड मोजणारा सेन्सर ह्यात नाही. हे खोक्यावर लिहीत नाहीत, कारण नसलेली गोष्ट कोण लिहील? त्याचा अर्थ असा, की दिवा मालवला की पडदा आपोआप मंद होत नाही. रात्री डोळ्यांवर एकदम बॅटरीचा झोत आल्यासारखं होतं आणि अंधारात चाचपडत पट्टी सरकवावी लागते. सुरुवातीला मी रोज चिडायचे. आता हात आपोआप जातो. काळ्यावर पांढरं अक्षर केल्याने बॅटरी वाचते असं भाच्याने मला शिकवलं होतं, ते ह्या पडद्याला लागू नाही. ह्याच्या पाठीमागे एक दिवा सतत जळतो, मग वर काळं दाखवा की पांढरं. ओलेड पडद्यावर ते खरं. तिथे काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका.

बॅटरी हा मात्र निखळ आनंदाचा भाग. कमी पिक्सेल, कमी ताकदीचा प्रोसेसर, वायफाय बंद, आणि मी नुसती पानं उलटते आहे: अशा वाचनाला आठ-नऊ तास सहज मिळतात. ज्या कंजूषपणावर मी वर एवढी चिडले, त्याचंच हे व्याज. रिकामा झाला की भरायला तीन तास लागतात, कारण चार्जिंग १० वॉटचंच आहे. रात्री लावून झोपायचं. आणखी एक, वायफाय चालू ठेवून दोन दिवस ड्रॉवरमध्ये पडला तर तिसऱ्या दिवशी निम्मा रिकामा सापडतो. वाचायचं नसेल तर सरळ बंद करून ठेवावा. तो पुन्हा सुरू व्हायला पाऊण मिनिट घेतो. तेवढ्यात चष्मा शोधून होतो.

वेगाबद्दल खरं सांगायचं तर वेग ह्याला नाहीच. पान उलटणं, मोठं-लहान करणं, खूण करणं, एवढंच करायचं तर जाणवत नाही. स्कॅन केलेली जुनी पुस्तकं मात्र त्याला जड जातात, कारण तिथे प्रत्येक पान म्हणजे एक मोठा फोटो. उलटलं की दोन सेकंद धूसर दिसतं आणि मग स्पष्ट होतं, झोपेतून उठल्यासारखं. एकीकडे वाचताना दुसरीकडे काही डाउनलोड होत असेल तर सगळंच अडखळतं. भाच्याने ह्याचं कारण सांगितलं ते मला पटलं. ह्या टॅबमधली साठवण ईएमएमसी जातीची. ती म्हणजे एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडणारा अरुंद पूल: लिहिणं चालू असेल तर वाचणं थांबतं. महागड्या यंत्रांतल्या यूएफएस साठवणीत दोन्ही बाजू एकदम चालतात. म्हणून स्वस्त टॅबमध्ये प्रोसेसरच्या नावापेक्षा हे नाव आधी विचारावं, असं त्याचं म्हणणं. दुकानात विचारलं तर बहुतेक विक्रेता गोंधळतो, तो भाग वेगळा.

रॅमची गोष्ट मात्र पोळलेली आहे. एका चरित्राची ४० पानं मी खुणा करत तपासली. मध्ये एक तारीख ताडून पाहायला ब्राउझर उघडला, तिथून शब्दकोशात गेले, मेल पाहिली, आणि परत आले तर पीडीएफचं ॲप पहिल्यापासून सुरू होत होतं. पान पहिलं. खूण एकही नाही. ३ जीबीत प्रणालीचाच, म्हणजे अँड्रॉइडचाच, संसार जेमतेम चालतो. नवा पाहुणा आला की ती मागे ठेवलेल्या ॲपला गुपचूप बाहेर काढते, आणि त्या ॲपने जर काम जतन केलेलं नसेल तर ते गेलं. त्या रात्री मी जे बोलले ते प्रूफात आलं असतं तर मी स्वतः खोडलं असतं. आता दर प्रकरणाला जतन करते आणि शब्दकोश फोनवर पाहते.

खोक्यावर ‘३ + ३ जीबी’ असंही छापलेलं होतं. त्या दुसऱ्या तीनला भुलू नका. ती खरी रॅम नसते. साठवणीतला एक तुकडा रॅमच्या नावाने वापरतात. त्या अरुंद पुलावरूनच पुन्हा ये-जा. ॲप मेलं नाही तरी धापा टाकत जागं होतं. मी ती सोय बंद करून टाकली, फरक पडलाच असेल तर चांगलाच पडला. आज कोणी विचारलं तर ४ जीबीच्या खालचा घेऊ नका म्हणेन, आणि तेसुद्धा फक्त वाचण्यापुरतं.

३२ जीबीतले अकरा-बारा प्रणाली आणि तिच्याबरोबर न मागता आलेली ॲप खातात. त्यांतली काही काढता येतात, काही फक्त झोपवता येतात. मायक्रोएसडी कार्डाची खाच आहे, ती ह्या वर्गाची मोठी जमेची बाजू. पुस्तकं सगळी कार्डावर. ॲप मात्र माझ्या टॅबमध्ये कार्डावर जात नाहीत, आणि वर्षभरात तीच फुगत जाऊन मूळ जागा भरत आणतात. कार्ड घेताना त्यावर ए-१ किंवा ए-२ अशी बारीक खूण आहे का पाहावं. ती बारीकसारीक फायली झरझर वाचण्याचा किमान वेग सांगते. पुस्तकांची लांबलचक यादी उघडताना त्याचा उपयोग होतो.

खुणा करण्याबद्दल थोडं, कारण तेच माझं पोट. बोटाने रेघ मारता येते, पण प्रूफाच्या खुणा बोटाने होत नाहीत. पायमोडक्या अक्षराला खूण करायला गेले की तीन ओळी खोडल्यासारखं दिसतं. मऊ रबरी टोकाची साधी पेन मिळते ती ह्यावर चालते, पण टॅबच्या दृष्टीने ती म्हणजे आणखी एक बोटच. तळहात टेकला की तळव्याचीही रेघ उठते. मी हात अधांतरी धरून, लिपी शिकणाऱ्या मुलासारखं लिहून पाहिलं आणि सोडून दिलं. आता शब्दावर बोट दाबून ठेवते, पिवळा करते, आणि शेजारी टीप टाइप करते. मराठी कळफलक चांगला चालतो, उभ्या टॅबवर दोन्ही अंगठे मध्यापर्यंत पोचतात. दहा इंचीवर पोचत नव्हते. टाइप केलेलं पडद्यावर उमटायला निमिषभर उशीर होतो. बोलता-बोलता शब्द आठवणाऱ्या माणसाशी गप्पा मारतो आहोत असं समजायचं.

आणि कान. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, असेल तर टॅब मराठी वाचून दाखवतो, आवाज एकदा उतरवून घेतला की वायफायशिवायही. तो सपाट सुरात, प्रश्नचिन्हाला दाद न देता वाचतो, पण प्रूफासाठी तेच बरं. डोळा ओळखीचा शब्द गृहीत धरून पुढे जातो. हा बापडा जे आहे तेच वाचतो. गळालेला ‘नाही’ मी ह्याच्या तोंडून दोनदा पकडला आहे. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या फायली असतील तर मात्र तो काहीतरी बरळतो, आणि त्यांत शब्द शोधूनही सापडत नाही. त्याला टॅब काय करणार? इयरफोनची साधी ३.५ मिलिमीटरची खाच अजून शाबूत आहे, जी महाग यंत्रांनी काढून टाकली. हे बरं झालं, कारण दोन्ही स्पीकर एकाच आखूड कडेला आहेत. टॅब आडवा धरला की सगळा आवाज एका हातातून येतो, आणि तोच हात त्यावर झाकण घालतो.

सिनेमे पाहणाऱ्यांसाठी एकच सूचना, मी त्यात फारशी पडत नाही. वाइडव्हाइन नावाचं एक संरक्षण असतं. टॅबला त्याची एल-१ पातळी नसेल, नुसती एल-३ असेल, तर सशुल्क चित्रपटसेवा सहसा ४८०पी, म्हणजे हलक्या दर्जाचंच चित्र देतात, मग तुमचं इंटरनेट कितीही वेगवान असो. माझा एल-३ आहे. हे तपासणारी छोटी ॲप फुकट मिळतात.

कॅमेरा आहे असं म्हणण्यापुरता आहे. त्याला जवळचं नजरेत धरता येत नाही, फोकस एकाच अंतरावर खिळवलेला. कागदी पानाचा फोटो काढला तर अक्षरं ओली झाल्यासारखी येतात. पुढचा कॅमेरा माझा चेहरा वीस वर्षांनी तरुण दाखवतो, पण ते अस्पष्टतेमुळे. बोटाचा ठसा ओळखणं नाही, हातात थरथरणं नाही, होकायंत्र नाही. ह्यातलं काहीही मला चौदा महिन्यांत आठवलं नव्हतं. आत्ता यादी तपासताना आठवलं.

सगळ्यांत जुनाट दुखणं अपडेटचं. मी घेतला तेव्हाच त्यातली अँड्रॉइडची आवृत्ती एक पाऊल मागे होती, आणि तेव्हापासून सुरक्षेच्या दुरुस्त्या दोनदा आल्या. पहिल्या वर्षात. नंतर काहीच नाही. यंत्र चालू राहील, पण दारं जुन्या कुलपांवर राहतील. म्हणून बँकेचं एकही काम मी ह्यावर करत नाही, प्रूफासाठी वेगळं मेल खातं ठेवलं आहे, आणि वायफाय फक्त फायली उतरवण्यापुरतं लावते. प्रत्येकाने असंच वागावं असं नाही. पण घेण्याआधी कंपनी किती वर्षं दुरुस्त्या द्यायचं लेखी कबूल करते ते शोधावं, आणि कुठेच लिहिलेलं नसेल तर उत्तर मिळालं असं समजावं.

‘मावशी, ह्यापेक्षा नुसतं वाचायचं ई-शाईवालं यंत्र का नाही घेतलंस?’ असं भाचा विचारतो. प्रश्न रास्त आहे. ती शाई उन्हातही कागदासारखी दिसते आणि बॅटरी आठवडे टिकते. पण ती मंद आहे, मोठी-लहान करताना लुकलुकते, आणि मला एका पानावर दहा वेळा आत-बाहेर जावं लागतं. नुसतं वाचायचं असतं तर तेच घेतलं असतं. खुणा करायच्या, टीप लिहायची, लगेच मेलने पाठवायची, ह्यासाठी हा बरा. प्रकाशकाला मात्र अंतिम होकार मी अजूनही लॅपटॉपवर पान मोठं करून पाहिल्यावरच देते. ११२वं पान विसरलेले नाही.

तीन महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीने हाच टॅब घेतला, माझ्या हातात पाहून. मी तिला ह्यातलं सगळं सांगितलं: पिक्सेल, पूल, रॅम, कुलपं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी घेऊन आली. ती त्यावर शब्दकोडी सोडवते, भजनं ऐकते, नातीशी बोलते. परवा मी मुद्दाम विचारलं, पडद्यावर अक्षर नीट दिसतं ना? म्हणाली, अगदी लख्ख. मग मी तिच्या टॅबवर ‘शुद्ध’ आणि ‘शुध्द’ शेजारी-शेजारी लिहून दाखवले. तिने चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, आणि म्हणाली, एकच शब्द दोनदा कशाला लिहिलास? आता ह्यात मी टॅबला बोल लावू शकत नाही. शाळेत तिच्या वह्या मीच तपासायचे.